विमानतळावर काम चालू असताना: वैमानिकांसाठी आणि जिज्ञासू नाशिककरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये मी वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा ग्राउंड क्लास घेतो. इथे पुस्तक संपवायचं आणि मग धुळे, बारामती, गोंदिया, जिथे जागा मिळेल तिथे प्रत्यक्ष उड्डाणाला जायचं. सिंहस्थाच्या निमित्ताने ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, दुसरी धावपट्टी होणार, अशी चर्चा सुरू झाल्यापासून मुलंच काय, पालकही विमानतळावरच्या कामांबद्दल विचारू लागलेत. दर बॅचला तीच उत्तरं देतो, म्हणून एकदा लिहून काढली.

काम करायचंय तर विमानतळ सरळ बंद का ठेवत नाहीत?

कधीकधी ठेवतात. ओझर २०२२च्या नोव्हेंबर-डिसेंबरात धावपट्टीच्या कामासाठी दोन आठवडे बंद होतं. पुण्याचं लोहगाव १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असं पूर्ण बंद ठेवलं होतं, कारण धावपट्टी एकच. वैमानिकाच्या दृष्टीने ही सगळ्यात सोपी गोष्ट. जायचंच नाही, विषय संपला.

मुंबईला ते परवडत नाही. तिथे २०१९ मध्ये ७ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळात मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी ११ ते संध्याकाळी ५ अशी धावपट्टी बंद ठेवून काम उरकलं. पाच वाजता रोलर बाहेर आणि विमानं आत. धोका असतो तो अशा अर्धवट उघड्या विमानतळावर. धावपट्टी आज आहे, उद्या नाही. किंवा आहे, पण कालच्याएवढी लांब नाही.

रस्त्यावरही कामं चालतात. विमानाचंच एवढं काय?

कसारा घाटात ‘काम चालू, रस्ता बंद’ अशी पाटी दिसली की तुम्ही ब्रेक दाबता, काच खाली करता आणि झेंडीवाल्याला विचारता, “दादा, कुठून जायचं?” उतरणारं जेट विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे असतं, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर. ओझरची तीन किलोमीटरची धावपट्टी त्या वेगाने चाळीस-पंचेचाळीस सेकंदांत संपते. झेंडीवाल्याला विचारायला वेळ नाही आणि धावपट्टीच्या मधोमध पाटी रोवताही येत नाही. म्हणून पाटी आधीच, कागदावर, जमिनीवर असतानाच वाचावी लागते. तिचं नाव नोटॅम.

नोटॅम कसा वाचायचा?

नोटॅम म्हणजे वैमानिकांना दिलेली सूचना. चार दिवसांपुरता किंवा महिन्या-दोन महिन्यांपुरता बदल झाला, की तो यातून कळवतात. मोठी, आधीच ठरलेली कामं एआयपीच्या, म्हणजे विमानतळांच्या अधिकृत माहिती-पुस्तकाच्या, पुरवणीत येतात. तीत नकाशेही असतात, म्हणून ती सोडून नुसते नोटॅम वाचू नका.

नमुन्यासाठी मी बनवलेला एक नोटॅम बघा. ‘बी’ रकान्यात २६०२१००५३०, ‘सी’ रकान्यात २६०३१०११३०, ‘डी’मध्ये मंगळ-गुरू-शनि ०५३०–११३०, आणि ‘ई’मध्ये धावपट्टी ०९/२७ उपलब्ध नाही. (०९ आणि २७ ही एकाच पट्टीची, दोन दिशांनुसार दोन नावं.) ‘बी’ म्हणजे सुरुवात: वर्ष २६, महिना ०२, तारीख १०, वेळ ०५३०. ‘सी’ म्हणजे शेवट. बरेच जण ‘बी’ आणि ‘सी’ बघून महिनाभर धावपट्टी बंद असा अर्थ घेतात. खरी गोष्ट ‘डी’मध्ये आहे, की आठवड्यातून तीन दिवस, सहाच तास. आणि वेळ? ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवा. ०५३० म्हणजे आपले सकाळचे अकरा.

या साडेपाच तासांनी माझा एकदा पुरता पचका केला आहे. विद्यार्थी होतो. एका छोट्या धावपट्टीवर भेगा भरायचं काम होतं आणि नोटॅम होता ०३३० ते ०६३०. मी वाचलं पहाटे साडेतीन ते साडेसहा. म्हटलं, आपण पोचेपर्यंत काम कधीच आटोपलेलं असेल. पावणेदहाला वळून समोर आलो, तर पट्टीच्या मधोमध डांबराचा पिंप, शेजारी हातगाडी आणि चार माणसं डबा उघडून बसलेली. त्यातल्या एकाने मान वर करून बघितलं, तेही सावकाश. सरांनी काही न बोलता थ्रॉटल पुढे केला, विमान वर घेतलं आणि गोल फिरून झाल्यावर विचारलं, “वेळ कुठली बघितलीस रे?” काम नऊ ते बारा होतं. तेव्हापासून नोटॅम छापला की शेजारी पेनने आपली वेळ लिहितो. आजही लिहितो.

अजून एक खोच: ‘सी’ रकान्यात वेळेपुढे ईएसटी असेल, तर ती वेळ अंदाजाची. असा नोटॅम तारीख उलटली म्हणून आपोआप मरत नाही. तो रद्द करावा लागतो किंवा नवा काढावा लागतो.

नोटॅम वाचला तरी चूक होते, ती कशी?

हा प्रश्न क्लासमध्ये कोणीतरी हमखास विचारतो, आणि मी त्याची वाटच बघत असतो. कळवलेलं आणि कळलेलं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

३१ ऑक्टोबर २०००, तैपेई. सिंगापूर एअरलाइन्सचं ७४७, उड्डाण क्रमांक ००६. रात्र, वादळ, धो धो पाऊस. जायचं होतं ०५ डाव्या धावपट्टीवरून. तिला समांतर ०५ उजवी धावपट्टी कामासाठी अंशतः बंद होती. ती बंद असल्याचा नोटॅम क्रूकडे होता आणि त्यांना ते माहीतही होतं. टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, वळताना ते एक वळण आधीच आत शिरले. समोर हिरव्या दिव्यांची ओळ दिसली आणि त्यांनी जोर लावला. बंद धावपट्टीच्या तोंडाशी अडथळा नव्हता, बंद असल्याची खूणही नव्हती. पुढे काँक्रीटचे ठोकळे आणि खोदकामाची यंत्रं उभी होती. विमानातल्या १७९ पैकी ८३ जण गेले.

पट्टी बंद आहे हे त्यांच्या डोक्यात होतं. आपण त्याच पट्टीवर उभे आहोत, हे मात्र नव्हतं. धावपट्टी अंधारात धावपट्टीसारखीच दिसते. दिवे दिसले, सरळ रेघ दिसली, मन म्हणालं, हीच ती. विमानाच्या नाकाची दिशाही दोन्ही पट्ट्यांवर सारखीच येणार, त्यामुळे होकायंत्रानेही हरकत घेतली नाही.

त्याच्या बरोबर २१ वर्षं आधी, ३१ ऑक्टोबर १९७९ला, मेक्सिको सिटीत वेस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-१० धुक्यात असंच कामासाठी बंद असलेल्या २३ डाव्या धावपट्टीवर उतरलं आणि तिथल्या ट्रकला धडकलं. विमानातले ७२ आणि जमिनीवरचा एक माणूस गेला. उतरायचं होतं शेजारच्या २३ उजव्या पट्टीवर. तारीख एकच हा निव्वळ योगायोग, पण मुलांच्या लक्षात राहते म्हणून मी सांगतो.

तिसरी गोष्ट ७ जुलै २०१७ची, आणि सुदैवाने तीत कोणाला खरचटलंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोला रात्री २८ डावी धावपट्टी बंद होती, तिचे दिवे मालवलेले. एअर कॅनडाचं एअरबस ए-३२० येत होतं उघड्या २८ उजवीवर. वैमानिकांना दोन समांतर पट्ट्या दिसायची सवय. दिवे दिसले दोन ओळींचे. त्यांनी उजवीकडची ओळ धरली. पण एक धावपट्टी अंधारात गेलेली असल्यामुळे उजवीकडची ती ओळ निघाली टॅक्सीवेची, आणि तिथे चार विमानं प्रवासी घेऊन उभी. साधारण साठ फुटांवरून ते विमान परत वर गेलं. धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम उड्डाणाच्या कागदपत्रांत होता. २७ पानी गठ्ठ्याच्या आठव्या पानावर. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या सुनावणीत अध्यक्षांनी नोटॅमच्या या गठ्ठ्याला चक्क ‘कचरा’ म्हटलं. मला ते पटतं. क्रेन, पक्षी, बंद पडलेला दिवा, गवत कापणं आणि बंद धावपट्टी, सगळं एकाच अक्षरात, एकाच आकारात छापलेलं. त्यातलं जीव घेणारं कुठलं, हे शोधायचं काम थकलेल्या माणसावर टाकलेलं असतं.

धावपट्टी आखूड केली, तर जेवढी खणली तेवढीच वजा करायची ना?

नाही. आणि हे गणित हातानेच करून बघायला हवं.

समजा, तीन हजार मीटरच्या ०९/२७ धावपट्टीचा पूर्वेकडचा आठशे मीटर तुकडा उखडलाय. उरले बावीसशे. पण ०९वरून पूर्वेकडे धावताना कामाच्या तोंडापर्यंत धावायचं नसतं. मध्ये ६० मीटरची मोकळी पट्टी आणि त्यापुढे २४० मीटरचं सुरक्षा क्षेत्र सोडायचं. हातात राहिले एकोणीसशे.

आता २७वर उतरायचंय. म्हणजे येणार पूर्वेकडून, कामाच्या डोक्यावरून. तिथे टिपरने खडी ओतायला ट्रॉली वर उचलली, ती सहा मीटर उंच. उतरण्याच्या उताराला एकास पन्नास हे प्रमाण धरलं, तर त्या सहा मीटरसाठी तीनशे मीटर, शिवाय वरचे साठ. थ्रेशोल्ड, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टी जिथून सुरू होते ती रेघ, कामापासून ३६० मीटर पुढे सरकवावा लागतो. उतरायला मिळाले १,८४०. टिपरच्या जागी क्रेन आणली, तर आकडा पुन्हा बदलला. एकाच पट्टीचे दोन दिशांना दोन वेगळे आकडे, म्हणून उड्डाणासाठी, थांबण्यासाठी, उतरण्यासाठी जाहीर केलेली अंतरं वेगवेगळी वाचायची. ‘धावपट्टी किती?’ हा प्रश्नच तेव्हा चुकीचा असतो.

यात नाशिकचं ऊन घाला. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर. मे महिन्यात पारा चाळीसला गेला, की हवा इतकी विरळ होते, की विमानाला वाटतं आपण साधारण ५,४०० फुटांवर आहोत. पंख कमी उचलतात, इंजिन कमी ढकलतं, धाव लांबते. आणि धावपट्टीचं काम कधी निघतं? पाऊस यायच्या आत, उन्हाळ्यात.

आखूड धावपट्टी पूर्ण समजून कोणी निघालंय का?

निघालेत. १६ जुलै २००३ला मँचेस्टरहून एक बोइंग ७३७ आखूड केलेल्या ०६ डाव्या धावपट्टीवरून निघालं. क्रूने पूर्ण लांबी धरून कमी जोर लावला होता. समोर चढ असल्याने पलीकडची वाहनं वेळेवर दिसली नाहीत. चौदा फूट उंच गाडीच्या वरून विमान ५६ फुटांच्या आत गेलं. २२ मार्च २००७ला ऑकलंडला एमिरेट्सच्या ७७७चंही असंच झालं. मुद्रित सूचना होती, पण रेकॉर्ड केलेल्या विमानतळ-माहितीतल्या शब्दांवरून क्रूने पूर्ण लांबी मिळतेय असा अर्थ काढला. दोन्हीकडे विमानं वाचली.

या दोन घटनांनंतर ‘फुल लेंग्थ’ हा शब्द माझ्या क्लासमध्ये बंद आहे. आकडा बोला.

पट्टी बंद असेल, तर तिच्यावर मोठी फुली रंगवलेली असेलच की?

असेलच असं नाही. नियम असा की बंद धावपट्टीवर पांढरी फुली आणि बंद टॅक्सीवेवर पिवळी. धावपट्टीवर ती दोन्ही टोकांना आणि मध्ये जास्तीत जास्त तीनशे मीटरवर एकेक. पण बंदी थोड्या वेळाची असेल आणि टॉवरकडून पुरेशी सूचना मिळत असेल, तर फुली नसली तरी चालते. म्हणजे मुंबईसारख्या सहा तासांच्या बंदीत फुली शोधत बसू नका. फुली नाही म्हणून पट्टी उघडी, हा निष्कर्ष घातक आहे. कामाचा तुकडा झेंडे, शंकू आणि रात्री लाल दिव्यांनी दाखवतात. अमेरिकेत त्यासाठी भगव्या रंगाच्या पाट्याही लावतात. कल्पना चांगली आहे. वैमानिकाला भगवा दिसला की काम, एवढं डोक्यात बसतं.

टॅब्लेटवर आपलं विमान नकाशावर दिसतं. मग हरवणार कसं?

नकाशावरची धावपट्टी कालची असू शकते. हे नकाशे २८ दिवसांच्या चक्राने बदलतात. काम पंधरा दिवसांचं असेल, तर त्यात कधी येणारच नाही. विमानातल्या संगणकातही जुनाच थ्रेशोल्ड बसलेला असतो आणि तो तुम्हाला इमानेइतबारे त्याच जागी, म्हणजे टिपरवर, नेऊन सोडेल. उतरताना कोन दाखवणारे लाल-पांढरे दिवेही बहुधा बंद असतात, कारण ते जुन्या जागेसाठी लावलेले. उतरताना रेडिओ संकेतांनी वाट दाखवणाऱ्या आयएलएसचंही तसंच. अँटेनाजवळ डंपर उभा राहिला, की संकेत वाकडा होतो.

म्हणून माझ्याकडची जुनाट रीत: विमानतळाचा नकाशा कागदावर छापा, लाल स्केचपेन घ्या आणि बंद भाग स्वतःच्या हाताने खोडा. मग बोट ठेवून पार्किंगपासून धावपट्टीपर्यंत टॅक्सी करा, प्रत्येक वळणाचं नाव मोठ्याने घेत. पहिल्यांदा मुलं हसतात. मग कोणीतरी एक खोडलेल्या टॅक्सीवेवरून बोट नेतो आणि हसणं थांबतं.

ब्रीफिंगमध्ये नेमकं काय बोलायचं?

‘डब्ल्यूआयपी (वर्क इन प्रोग्रेस, काम चालू) आहे, काळजी घेऊ’ हे ब्रीफिंग नव्हे. आज काय बंद आहे, आपल्या वेळेला बंद आहे का, आपल्याला किती मीटर मिळणार, खिडकीतून काय दिसलं म्हणजे आपण बरोबर जागी आहोत आणि काय दिसलं म्हणजे चुकीच्या, एवढं बोला. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. धावपट्टीवर उभं राहिल्यावर रंगवलेला आकडा वाचायचा. ०५एल आहे की ०५आर. तैपेईला तेवढ्याने निभावलं असतं.

टॉवर सांगेलच ना?

टॉवर सांगतो, पण त्यांनाही पावसात, धुक्यात तुम्ही दिसालच असं नाही. तैपेईला त्या रात्री दिसलं नाही. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदाला धावपट्टीवर उभ्या तटरक्षक दलाच्या विमानावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरलं. धावपट्टीत शिरण्याआधी थांबवणारे लाल दिवे तेव्हा देखभालीसाठी बंद होते आणि तसा नोटॅमही होता. प्रवासी विमानातले ३७९ जण बाहेर आले, तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच गेले. चूक एका कारणाने होत नाही, हे खरं. पण काम चालू असलं, की अशी एकेक जाळी काढून ठेवलेली असते, एवढं लक्षात असू द्या.

शंका आली तर जागच्या जागी थांबा आणि विचारा. रेडिओवर बावळट वाटलं तरी चालेल.

माझे काका रस्त्याचे ठेकेदार आहेत. विमानतळाचं काम वेगळं असतं का?

डांबर तेच, खडी तीच, शिस्त वेगळी. गाडी रेडिओ आणि परवानगीशिवाय हलत नाही, वर पिवळा दिवा लागतो. काम संपताना मुकादम नुसती हजेरी घेत नाही. माणसं, गाड्या आणि अवजारं मोजतो. मग झाडू. एक खडा इंजिनात गेला, तर पंख्याची पाती जातात. पॅरिसला २५ जुलै २०००ला काँकॉर्ड पडलं, ते धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने टायर फाटण्यापासून सुरू झालं. काकांना सांगा, खिळा सुद्धा मोजायचा.

ओझरला दुसरी धावपट्टी झाली, तर आपल्या वैमानिकांनी काय लक्षात ठेवायचं?

ओझर हा एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा विमानतळ. मिग, सुखोई इथेच बनले आणि १७ ऑक्टोबर २०२५ला इथे बनलेलं पहिलं तेजस मार्क वन-ए इथूनच उडालं. म्हणजे एकाच आवारात प्रवासी विमान, मालवाहू विमान आणि चाचणीचं लढाऊ विमान, तिघांच्या सवयी निराळ्या.

समांतर पट्टी बांधताना सगळ्यात फसवा काळ कुठला, तर ती जवळजवळ तयार झालेली असते तो. खणलेली माती वरून मातीच दिसते. नवं काळंभोर डांबर मात्र जुन्या फिकट पट्टीपेक्षा जास्त ‘धावपट्टी’ दिसतं. थंडीत निफाडकडून धुकं सरकलेलं, सूर्य समोर, खाली द्राक्षबागांचे चौकोन, आणि त्यातून उठून दिसणारी काळी सरळ रेघ. डोळा तिकडेच जाणार. शिवाय ज्या दिवशी दुसरी पट्टी सुरू होते, त्या दिवशी जुनीचं नाव बदलतं. आजवरची ०९/२७ कुठल्या तरी बाजूला ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ होते. वर्षानुवर्षं नुसतं ‘टू सेव्हन’ म्हणणाऱ्या जिभेला ते वळण लागेपर्यंत वेळ जातो. तेव्हा ओझरला नेहमी येणाऱ्यांनीच जास्त जपायचं. नवखा कागद वाचतो, सरावलेला आठवणीवर येतो.

मी साधा प्रवासी. विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर घाबरायचं का?

नाही. वैमानिकाला समोर काहीतरी पटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. दहा मिनिटं उशीर होईल. बाहेर रिक्षावाला थांबलेला असेल, तर त्याला उतरल्यावर फोन करा.